खटक्यावर बोट

बेंजो हे पश्चिम महाराष्ट्रातील वरातीचे प्रमुख वाद्य असून बँजोशी त्याचा काहीही संबंध नाही. बँजो हे अमेरिकेतले वाद्य: गोल तोंड, त्यावर ताणलेले कातडे आणि लांब दांडी. बेंजो म्हणजे दीड-दोन हात लांबीची लाकडी पेटी, तिच्यावर पोलादी तारा आणि तारांवर टाइपरायटरसारखे खटके. या वाद्याचे पुस्तकी नाव बुलबुल तरंग. ते वाद्यांच्या दुकानातील पावतीवर आणि सामान्यज्ञानाच्या गाइडात आढळते. कोल्हापुरात, मंगळवार पेठेत, मिरजकर तिकटीला उभे राहून बुलबुल तरंग कुठे मिळेल असे विचारल्यास पाखरे विकणाऱ्याचा पत्ता मिळण्याची शक्यता अधिक. बेंजो कुठे मिळेल असे विचारले, की मात्र तीन जण तीन रस्त्यांकडे हात करतात. तिकटीला रस्ते तीनच असल्यामुळे चौथ्याला करण्यासारखे काही उरत नाही. तो विचारतो, "लगीन हाय का गणपती?"

नावांची ही हेळसांड पुढेही चालू राहते, म्हणून ती सुरुवातीलाच सांगून ठेवलेली बरी. वरातीच्या वाद्यांच्या धंद्यात कॅसिओ म्हणजे कॅसिओ असेलच असे नाही, डॉल्बी म्हणजे डॉल्बी नसतेच, आणि नागिणीची पुंगी तर पहिल्या दिवसापासून पुंगी नव्हती. त्यामुळे नाच कधी अडलेला नाही.

टाइपरायटरच्या खटक्यांचे वाद्य ज्या जातीचे, त्या जातीच्या सरंजामाला पाश्चात्त्य देशांत एक नाव आहे आणि त्याचा रीतसर छंद आहे. नाव स्टीमपंक. के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकन कादंबरीकाराने १९८७ साली 'लोकस' या मासिकाला लिहिलेल्या पत्रात हा शब्द काढला, तोही अर्धवट थट्टेत. कल्पना अशी, की वाफेचे इंजिन मागे पडलेच नाही. तेच सुधारत गेले, आणि माणसे अजून ज्यूल व्हर्नच्या काळातली पितळी यंत्रे फिरवत बसली आहेत. छंदिष्ट मंडळी त्या बेताने कपडे शिवतात. उंच टोपी, टोपीवर वेल्डरचा चष्मा, कोटाला सोनेरी बटणे. त्यांचे नाचाचे संगीतही आहे. सिएटलचा 'ॲबनी पार्क' हा ताफा त्यात नावाजलेला. सॅन दिएगोच्या 'स्टीम पॉवर्ड जिराफ'मधले कलाकार तोंडाला रंग फासून यांत्रिक बाहुल्यांसारखे गातात. अडचण एकच. गाणे नेमके कसे वाजले म्हणजे स्टीमपंक झाले यावर त्यांच्यात एकमत नाही, आणि टोपीवर चिकटवलेली दातेरी चाके फिरत नाहीत.

मंगळवार पेठेत हा शब्द पोचलेला नाही. माल मात्र झाडून सगळा हजर आहे. टाइपरायटरच्या खटक्यांचे तंतुवाद्य आहे. पितळी भोंगे आहेत. खांद्यावर झालर आणि छातीवर सोनेरी दोऱ्या असलेले लाल कोट आहेत, आणि त्या कोटांच्या मागे हातगाडीवर धडधडणारे डिझेलचे इंजिन आहे, ज्याचे चाक खरोखर फिरते. वाफ तेवढी कमी पडते, ती मिसळीच्या कटावरून येते. फरक एवढाच, की तिकडे हा छंद असल्याने त्यासाठी पैसे मोजावे लागतात आणि इथे हा धंदा असल्याने त्यासाठी सुपारी घेतली जाते. (मुंबईकडच्या वाचकांनी घाबरू नये. बँड-बेंजोच्या बोलीत सुपारी म्हणजे कार्यक्रमाचा करार, आणि तो झाल्यावर नवरदेव जिवंतच राहतो.)

वाद्याचा जन्म जपानचा. नागोया शहरातील मोरिता गोरो याने ते १९१२ साली तयार केले. त्या वर्षी जपानात तैशो नावाचे राजपर्व सुरू झाले होते, म्हणून वाद्याचे नाव तैशोगोतो. गोतो म्हणजे कोतो, हे जपानचे माणसाएवढे लांब, तेरा तारांचे खानदानी वाद्य. ते शिकण्यात आयुष्य जाते आणि ठेवायला खोली लागते. मोरिताने त्याची लांबी छाटली, तारा कमी केल्या आणि बोटांनी तार दाबण्याच्या कटकटीवर उपाय म्हणून टाइपरायटरचे खटके बसवले. ज्याला पत्र टाइप करता येते त्याला गाणेही टाइप करता यावे, असा साधारण हिशेब. वाद्य घरोघरी गेले. पुढे ते समुद्र ओलांडून भारतात आले, बलुचिस्तानात त्याला बेंजू म्हणू लागले आणि महाराष्ट्रात बेंजो.

त्याच १९१२ साली मंगळवार पेठेच्या अंगणात खासबागेचे कुस्तीचे मैदान खुले झाले. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोपच्या दौऱ्यात रोमचे कलोसियम पाहिले होते. तसे काही आपल्याकडे असावे या विचाराने हे मैदान उभे राहिले. आजच्या भाषेत त्याला कव्हर, म्हणजे दुसऱ्याचे गाणे आपल्या ढंगात वाजवणे, म्हणता येईल: मूळ चाल रोमची, वाजवली लाल मातीवर, आणि सिंह वजा करून पैलवान घातले. काही वर्षांनी याच गावात बाबूराव पेंटर यांनी परदेशी यंत्राचा अभ्यास करून सिनेमाचा कॅमेरा घरी बनवला, १९१८ च्या सुमारास, आणि त्या जोरावर महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० साली पडद्यावर आणला. खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे. तेव्हा बाहेरची वस्तू बघायची, हाताशी असलेल्या सामानात ती इथे करायची आणि मुळापेक्षा थोडा जोर जास्त लावायचा, ही पद्धत बेंजोच्या आधीपासून गावाच्या अंगवळणी पडलेली आहे.

बेंजोची रचना समजायला सोपी आहे. पेटीवर दोन तारा एकाच सुरात लावलेल्या असतात; चाल यांच्यावर वाजते. बाजूला आणखी काही तारा असतात, त्या आधाराच्या सुराला धरून बसतात आणि गाणे कोणतेही असो, आपले तेच म्हणत राहतात. उजव्या हातात प्लास्टिकची नखी. डाव्या हाताची बोटे खटक्यांवर. खटका दाबला की त्याच्या पोटातली धातूची पट्टी तारेवर टेकते, तार तेवढी आखूड होते आणि सूर चढतो. बोट उचलले की स्प्रिंग खटका परत वर आणते. ही स्प्रिंग म्हणजे वाद्याचा प्राण. जुन्या बेंजोत एखादी ढिली पडलेली असतेच. मग तो एक सूर दाबल्यावर खालीच बसतो आणि करंगळीने मागून उचकटून काढावा लागतो. सराईत वादक हे गाण्याच्या मध्ये इतक्या सफाईने करतो, की ऐकणाऱ्याला ती नवी हरकत वाटते.

खटका या शब्दाने पेठेत एक गंमत करून ठेवली आहे. खासबागेच्या शेजारीच गायन समाज देवल क्लबची परंपरा. स्थापना १८८३. अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांचे दरबारगवई होते. त्या परंपरेत खटका म्हणजे गळ्याचा अलंकार. तो यायला पंधरा वर्षांची तालीम लागते आणि गुरूचा मूड असावा लागतो. रस्त्यावर आल्यावर खटका म्हणजे प्लास्टिकचे बटण, आणि तालीम म्हणजे जिथे गणपती बसतो ती. दोन्ही अर्थ एकाच पेठेत राहतात आणि एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत. 'खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी' ही कोल्हापुरी धमकी मुळात बंदुकीबद्दलची. पण तिचे बेंजोवादकाइतके तंतोतंत पालन कुणीच करत नसेल. बोट खटक्यावर पडते आणि समोरचा माणूस जागच्या जागी पालथा होतो. नाचण्यासाठी, अर्थात.

खटक्यांच्या या रचनेत एक उणीव आहे. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, म्हणजे मींड, तिच्यात येत नाही. सूर पायऱ्यांसारखे येतात. घरात बसून वाजवताना हे जाणवते, रस्त्यावर अजिबात नाही. कारण रस्त्यावर नाचणाऱ्याला पायरीच हवी असते. पाय टेकायला.

बेंजो मुळात हळू बोलणारा. त्याला रस्त्यावर आणले ते विजेने. पेटीच्या पोटात पिकअप बसला, पिकअपमधून वायर निघाली, वायर मशिनीत गेली. (मशीन म्हणजे ॲम्प्लिफायर. बाकी सगळी यंत्रे आपापल्या नावाने ओळखली जातात, ॲम्प्लिफायरला मात्र निव्वळ मशीन म्हणतात. पेठेत 'डॉक्टर' म्हटल्यावर एकच डॉक्टर समजावा तसे.) मध्ये गिटारसाठी बनवलेली प्रोसेसरची पेटी घातली, की तारेच्या मंजुळ आवाजाला करवतीचे दात फुटतात. लंडनच्या रॉक वादकांनी हा फाटका आवाज मिळवायला काय काय सायास केले, त्यावर पुस्तके आहेत. वरातीत तो कर्णा जुना असल्यामुळे आपोआपही मिळतो.

या व्यवस्थेत सर्वांत जबाबदारीचा माणूस वादक नसून वायर धरणारा पोरगा आहे. वादक गळ्यात पट्टा अडकवून पुढे चालतो, मशीन आणि जनरेटर मागच्या गाडीवर. मधल्या दहा-बारा फूट वायरचे आयुष्य या पोराच्या हातात. ती नाचणाऱ्यांच्या पायात येऊ द्यायची नाही, गटारीच्या झाकणात अडकू द्यायची नाही, वरमाईच्या शालूखाली तर नाहीच नाही. गल्ली अरुंद झाली की दुसरा एक जण बेचकी बांधलेला बांबू घेऊन पुढे होतो आणि घराघरांवरून गेलेल्या केबलच्या तारा उचलून धरतो. गाडी खालून जाते. त्या वेळी वरच्या मजल्यावर कुणाची तरी मालिका अर्ध्यात थांबते आणि गॅलरीतून आवाज येतो. तो बेंजोच्या वरचा असतो, विजेशिवाय.

बेंजो एकटा हिंडत नाही. त्याच्याबरोबर कॅसिओ असतो. कॅसिओ हे एका जपानी कंपनीचे नाव. तिने आयुष्याची सुरुवात आकडेमोडीच्या यंत्रांवर केली आणि १९८० साली 'कॅसिओटोन' हा पहिला कीबोर्ड विकायला काढला. वरातीत कोणत्याही कंपनीच्या कीबोर्डाला कॅसिओच म्हणतात. यामाहाचा कॅसिओ, रोलंडचा कॅसिओ. वनस्पती तुपाला डालडा म्हणणाऱ्या घरात यात चुकीचे कुणाला काही दिसत नाही.

त्याच्या शेजारी पॅड, म्हणजे ऑक्टोपॅड. रोलंड कंपनीने तो १९८५ साली आणला. आठ चौकोनी रबरी गाद्या आणि दोन काठ्या. मूळ यंत्राची खासियत अशी, की त्याला स्वतःचा आवाजच नव्हता. त्याच्यावर मारले की वायरीने जोडलेले दुसरे यंत्र वाजायचे. स्वतः गप्प राहून दुसऱ्याला बोलते करणारा असा एक कार्यकर्ता प्रत्येक तालमीत असतोच, त्यामुळे पॅड पेठेत लगेच रुळला. आता त्याच्या पोटात ढोल, ताशा, संबळ, घुंगरू, काच फुटल्याचा आवाज आणि कोंबडा असे सगळे भरलेले असते. कोंबड्याची गादी चुकून दाबली जाऊ नये म्हणून वादक तिच्यावर चिकटपट्टी लावतो. वरात रंगात आली की पट्टी काढतो.

पितळी बँड हा या घराण्याचा थोरला. लष्करी वाद्ये लग्नात आली ती इंग्रजांच्या पलटणींमागून, आणि ती बनवायचे मोठे केंद्र झाले मेरठ. तिथल्या नादिर अली आणि कंपनीची सुरुवात १८८५ ची. या पितळी घराण्याला स्टीमपंकवाल्यांचा पोशाख आयताच लाभलेला आहे. तो कुणी मुद्दाम शिवलेला नाही. बापाचा कोट पोराला, एवढाच त्यात इतिहास. कोट अर्थातच कधीच मापाचा नसतो. पाहणाऱ्याला वाटते सोळा जणांनी एकमेकांचे घातलेत, आणि बहुधा तसेच असते.

मात्र या सगळ्या आयात मालात एक वाद्य अस्सल इथले आहे, आणि गमतीचा भाग असा, की इंधनावर चालणारे तेच एक आहे. हलगी. लाकडी किंवा लोखंडी कड्यावर ताणलेले कातडे दमट हवेत सैल पडते आणि भदभदा बोलू लागते. मग रस्त्याच्या कडेला कागद, चिपाडे, जे हाती लागेल ते पेटवून हलगी शेकली जाते. वादक तिला जाळावर भाकरीसारखी फिरवतो, अंगठ्याने टिचकी मारून बघतो, पुन्हा फिरवतो. आवाज कडक झाला की जाळ पायाने विझवून उठतो. खासबागेत हलगी, घुमके आणि कैताळ या तीन वाद्यांच्या तालाशिवाय कुस्ती लागत नाही. बेंजोवाला आणि हलगीवाला समोरासमोर आले की बेंजोवाला आवाज वाढवतो, हलगीवाला नुसता जवळ येतो. सहसा बेंजोवाला आधी थांबतो. हलगीला बंद करायला बटण नसते हे त्याला ठाऊक असते.

आता गाण्यांकडे. बेंजोचे स्वतःचे असे एकही गाणे नाही. तो दुसऱ्याची वाजवतो. इंग्रजीत याला कव्हर म्हणतात आणि विजेच्या वाद्यांवर केलेल्या कव्हरचा मोठा इतिहास आहे. वेंडी कार्लोस या अमेरिकन संगीतकाराने १९६८ साली जर्मन उस्ताद बाख याच्या रचना मूग सिंथेसायझरवर वाजवून 'स्विच्ड-ऑन बाख' ही तबकडी काढली आणि ती धडाक्यात खपली. त्या मूगवर एका वेळी एकच सूर निघायचा, त्यामुळे एकेक ओळ वेगळी वाजवून टेपवर थर लावावे लागले. आपल्याकडे व्हॅन शिप्ले यांची इलेक्ट्रिक गिटार आणि पुण्याचे एनॉक डॅनियल्स यांचे ॲकॉर्डियन यांनी सिनेमाची गाणी शब्दांशिवाय घरोघरी पोचवली. मुंबईचे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. त्यासाठी वापरलेली यंत्रे पुढे शिकागोच्या नाचघरांत गाजली. तबकडी मात्र तेव्हा फारशी कुणी घेतली नाही, आणि २०१० मध्ये ती पुन्हा निघाल्यावर जग चकित झाले. बाखला वीज लावणे किंवा भैरवाला डिस्को लावणे यात धाडस आहे. गल्लीत कशालाही काहीही लावलेले चालत असल्याने तिथे त्याला कुणी धाडस म्हणत नाही.

गाणे उचलायची रीत अशी. आदल्या रात्री मोबाइलवर गाणे लावायचे. सूर कोणता ते पकडायचे: काळी दोन, पांढरी चार, अशा बोलीत. बेंजोची पट्टी ठरलेली असल्याने गाणे तिच्यात आणून बसवायचे. नवरदेवाला शेरवानीत बसवतात तसे, मागून कुणीतरी ओढून धरायचे. मुखडा आला पाहिजे. अंतरा अर्धा आला तरी चालतो, कारण अंतऱ्यापर्यंत वरात कधी थांबत नाही. मधले संगीत कॅसिओकडे. ठेका पॅडकडे. साधारण अर्ध्या तासात एक गाणे तयार होते, चहा धरून.

शब्द गळून पडल्याचा फायदा पुढे दिसतो. जे गाणे शब्दांसकट वाजले असते तर मामांनी मध्ये पडून बंद पाडले असते, तेच बेंजोवर निघाले की मामा स्वतः टाळ्या वाजवतात. तरुण मंडळी शब्द मनात म्हणतात आणि लाल होतात. आजीला त्याच चालीवर भजनी मंडळाने बांधलेला अभंग माहीत असतो. ती हात जोडते. एकच चाल, एकाच वेळी, तीन पिढ्यांना तीन वेगवेगळी गाणी ऐकवते आणि घरात भांडण होत नाही.

बेंजोचा पराभव होतो तो रॅपपुढे. रॅपमध्ये चाल नसते. असतात ते शब्द, आणि शब्द तर बेंजोला नाहीत. तरी फर्माईश येतेच. अशा वेळी वादक एक खटका दाबून धरतो आणि नखीने तार झरझरा छेडत राहतो. दुरून कुणीतरी तारयंत्रावर मृत्यूची बातमी पाठवतो आहे असे वाटते. पोरे तरीही ओळखतात आणि नाचतात. हे कसे घडते ते संगीतशास्त्रात बसत नाही.

वरातीचा कार्यक्रम ठरलेला असतो. आरंभ गणपतीच्या आरतीने, मग एखादे देवीचे, मग सभ्य जुने, आणि एकदा का म्हातारी माणसे पुढच्या रिक्षात बसवून दिली, की बाकीचे. या बाकीच्यात नागीण हा स्वतंत्र विभाग आहे.

'नागिन' हा हेमंतकुमारांच्या संगीताचा चित्रपट १९५४ सालचा. त्यातली बीन सगळ्या देशाला पाठ आहे, आणि ती बीन नाही. ते क्लॅव्हिओलिन आहे, १९४७ साली फ्रान्समध्ये निघालेले विजेचे छोटे की-वाद्य. ते वाजवले कल्याणजींनी, जे पुढे कल्याणजी-आनंदजी या जोडीतले म्हणून प्रसिद्ध झाले. म्हणजे पुंगीची नक्कल फ्रेंच यंत्राने केली. त्या नकलेची नक्कल बँडच्या क्लॅरोनेटने केली. क्लॅरोनेटची नक्कल बेंजोने, आणि बेंजोला तो लांब सूर ओढता येत नाही म्हणून त्याची उरलेली नक्कल कॅसिओने. या चौथ्या प्रतीवर जो नाचतो तो नागाची नक्कल करत असतो. खऱ्या नागाला बाहेरचे कान नसतात. तो पुंगीच्या आवाजावर नव्हे, तिच्या हालचालीवर डोलतो. थोडक्यात, या साखळीत मूळ वस्तू कोणत्याच टोकाला सापडत नाही, मध्ये मात्र रस्त्यावर पालथा पडलेला एक खराखुरा माणूस असतो.

त्याच्यासमोर गारुडी असतो. गारुडी म्हणजे नवरदेवाचा मित्र. त्याने हातरुमालाचे एक टोक दातात धरलेले असते आणि दुसरे मुठीत. नाग डोक्यावर पंजा फण्यासारखा धरून गुडघ्यांवर सरकत येतो. पॅन्ट नवी असते. कडेला उभी असलेली बायको, "आवो, उटा की आता," असे म्हणत असते, पण नाग वर सांगितल्याप्रमाणे ऐकत नाही. अनुभवी वादक अशा वेळी चाल मुद्दाम हळू करतो, खूप हळू, नाग दमून मान टाकेपर्यंत. मग एकदम दुप्पट. हे दुप्पट करण्याचे वेगळे पैसे मिळतात. नोट नागाच्या कपाळाला लावून वादकाकडे येते, त्यामुळे थोडी ओली असते.

२०१६ नंतर वरातीचा शेवटचा विभाग 'झिंगाट'ने व्यापला. 'सैराट'मधले अजय-अतुल यांचे हे गाणे. त्यांनीच २०१८ मध्ये ते हिंदीत 'धडक'साठी पुन्हा केले, म्हणजे स्वतःचेच कव्हर. 'सैराट'च्या संगीताचा काही भाग अमेरिकेत लॉस एंजेलिसला सिंफनी ऑर्केस्ट्रा घेऊन ध्वनिमुद्रित झाला आहे. झिंगाटचा ठेका मात्र गल्लीच्या ओळखीचा, वरातीतला. बेंजोवाल्यांनी तो नव्याने शिकण्याची गरज नव्हती. स्वतःचीच वस्तू धुऊन इस्त्री होऊन परत आल्यासारखे त्यांनी तो ठेवून घेतला. त्याच साली रवी जाधव यांचा 'बँजो' नावाचा हिंदी चित्रपटही आला, रितेश देशमुखांचा. त्यात वाजतो तो बेंजो. नावाचा घोळ पडद्यावर कायम झाला.

बेंजोच्या वर आवाजाची आणखी एक पायरी आहे: डॉल्बी. कोल्हापूर, सांगली, सातारा या पट्ट्यात डॉल्बी म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर किंवा टेम्पोवर रचलेली स्पीकरची भिंत. खाली बेस, वर टॉप. तिच्यात बाहेरून आणलेली रिमिक्स गाणी वाजतात आणि छातीच्या फासळ्या त्याला साथ करतात. रे डॉल्बी हे अमेरिकन अभियंते; त्यांनी १९६५ साली लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा काढली. तिथे त्यांनी पहिल्यांदा जे यंत्र बनवले ते टेपवरची खरखर कमी करण्याचे होते. नको असलेला आवाज काढून टाकणे हे त्यांचे जीवितकार्य. सिनेमागृहांच्या पाट्यांवरून त्यांचे नाव गावोगाव गेले, आणि पंचगंगेच्या काठी त्याचा अर्थ बरोबर उलटा झाला. पुढे 'डॉल्बीमुक्त गणेशोत्सव' अशी मोहीम निघाली. आवाज कमी करणाऱ्या माणसाच्या नावापासून मुक्ती मिळवून आवाज कमी करायचा, असा तिचा शब्दशः अर्थ होतो. दरवर्षी गणपतीच्या आधी शांतता समितीच्या बैठकीत दोन बेस, दोन टॉप यावर घासाघीस चालते. हुंड्याची बोलणी पूर्वी या सुरात होत असत.

कायदा याबाबत नेमका आहे. ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. सणासुदीला राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही मुदत मध्यरात्री बारापर्यंत वाढवू शकते. पंचावन्न डेसिबल म्हणजे दोन माणसांचे साधे बोलणे, तेही पुणेरी. कोल्हापुरात रस्त्याच्या पलीकडल्याला "जेवलास काय?" विचारतानाच हा आकडा ओलांडला जातो, वाद्य निघायच्या आधी.

गणपतीच्या विसर्जन मिरवणुकीत या सगळ्या वाद्यांची एकत्र पाहणी होते. ती खासबागेपासून निघते, मानाचा पहिला गणपती मंगळवार पेठेतल्याच तुकाराम माळी तालीम मंडळाचा. मिरजकर तिकटी, बिंदू चौक आणि मग महाद्वार रोड. अंतर पायी अर्ध्या तासाचे. मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते. एका मंडळापुढे बेंजो, त्याच्या मागे धनगरी ढोल, मागे लेझीम, मागे बँड. कडेला उभ्या असलेल्याला चार गाणी एकदम ऐकू येतात आणि पुढच्यापेक्षा मागचे बरे वाटते. मागचे जवळ आले की त्याच्या मागचे.

लग्नाच्या वरातीला मात्र बाराची सवलत नसते. दहाला पाच कमी असताना हवालदार गाडीपाशी येऊन घड्याळ दाखवतो. "शेवटचं एक," असे त्याला सांगितले जाते. हे शेवटचे एक म्हणजे चार गाण्यांची जोडलेली माळ असते हे त्यालाही माहीत असते. त्याच्या लग्नातही तीच वाजलेली असते. दहा वाजून काही मिनिटांनी जनरेटरचा दट्ट्या ओढला जातो. इंजिन दोन-चार आचके देऊन थांबते. पॅड गप्प, कॅसिओ गप्प. रस्त्यावरचा नाग मान वर करून बघतो आणि गुडघे झाडत उठतो.

यजमान उरलेले पैसे मोजत असतात तेव्हा वादक गाडीच्या फळीवर बेंजो मांडीवर घेऊन बसलेला असतो. वायर काढून टाकलेली. अडकलेला खटका बसला का ते बघायला तो सहज एक चाल वाजवतो, मघाचीच. ती आता चार फुटांपलीकडे जात नाही. बारीक, गोड, काचेच्या बांगड्या एकमेकींवर घासाव्यात तशी. नागोयात मोरिताने जे वाद्य केले ते एवढ्याच आवाजाचे होते, चटईवर बसून घरच्या चार माणसांना ऐकवण्यापुरते. वायर गुंडाळणारा पोरगा मान न उचलता विचारतो, "मामा, ह्ये कुठलं गाणं?"